कापडाची डावी बाजू

थोरलीनं उजव्या कडेपासून रेघा ओढायला सुरुवात केली होती. कापडाच्या मध्यापर्यंत ती आली, हातातली काडी गाळाच्या वाटीत टाकली आणि खुर्चीला पाठ टेकून म्हणाली, "झालं बाई एकदाचं. घाल वाळत."

धाकटी टेबलाच्या पलीकडे दुसऱ्या कापडाला इस्त्री करत होती. तिनं मान वर करून बघितलं. टेबलावरच्या कापडाचा उजवा अर्धा भाग रेघांनी गच्च भरला होता. पायऱ्या, पायऱ्यांच्या पोटात चौकोन, चौकोनांच्या पोटात आणखी बारीक पायऱ्या. डावा अर्धा भाग मात्र कोरा करकरीत.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"मग? उद्यापर्यंत बसू की काय? या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलंय. डोळे फुटले का तुझे?"

थोरली चेष्टा करत नव्हती. चेष्टा करताना तिची उजवी भुवई वर जायची, आणि ती भुवई जागची हलली नव्हती.

"छान झालंय, ताई," धाकटी म्हणाली आणि इस्त्री उभी करून ठेवली.

या दोघी बहिणी डोंगरापलीकडच्या जंगलातल्या. तिकडे वर खाणी निघाल्या, वस्ती उठली आणि त्यांचे लोक शहराच्या कडेला येऊन पडले, तेव्हा थोरली नवी नवरी होती आणि धाकटी शाळेच्या वयाची. त्या लोकांत कापड रंगवायचं काम बायकांचं. शहरात आल्यावर बहुतेकींनी ते सोडलं. कुणी गोदामात खोकी भरायला लागल्या, कुणी इस्पितळांच्या फरश्या पुसायला. या दोघींनी सोडलं नाही. थोरलीचा नवरा लवकर गेला. धाकटीनं लग्नच केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "ताईचं ऐकून घ्यायला एक माणूस पूर्णवेळ लागतं."

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं होतं, तेच टेबल. धाकटी झाडाची साल उकळायची, त्या तांबूस काढ्यात कापड भिजवायची, बाल्कनीत उन्हाला घालायची, पुन्हा भिजवायची. असं चार-पाच वेळा. मग थोरली नदीच्या गाळात काडी बुडवून रेघा ओढायची. गाळ वाळला की कापड धुवायचं. गाळ निघून जायचा, पण तो जिथं सालीच्या रंगाला भिडला तिथं काळी रेघ कायमची राहायची. एकदा पडलेली रेघ पुसता येत नाही. थोरली पट्टी वापरायची नाही, पेन्सिलनं आखायची नाही. नक्षी कुठून कुठं जाणार ते तिच्या डोक्यात असायचं.

उजवीकडे जे काढलं तेच डावीकडे यायचं, हा नियम. पण थोरली नियम पाळता पाळता डावीकडे कुठंतरी एका जागी पायरी मोडायची. उजवीकडे वर गेलेली रेघ तिथं खाली जायची, सगळी नक्षी क्षणभर अडखळायची आणि पुन्हा जागेवर यायची. त्या एका जागेमुळे कापड जिवंत वाटायचं. ती जागा कुठली, हे धाकटीला चाळीस वर्षांत एकदाही आधी ओळखता आलं नव्हतं. थोरलीच्या रेघेत चाल होती. धाकटीच्या रेघेत नुसती शिस्त होती, आणि हे धाकटीला पक्कं माहीत होतं.

पाच आठवड्यांपूर्वी थोरली अंघोळीला गेली आणि बाहेर आलीच नाही. मेंदूतली नस बंद पडली, असं इस्पितळात सांगितलं. डावा हात, डावा पाय लुळा. हळूहळू पाय थोडा उचलायला लागला. बोलणं तर पहिल्या दिवसापासून शाबूत. "माझं अर्धं तोंड तुझ्यावर रुसलंय," ती धाकटीला म्हणाली, "उरलेलं अर्धं बोलतंय तेवढ्यात काय ते विचारून घे."

पण काहीतरी भलतंच होत होतं. ती ताटातलं उजवीकडचं जेवायची आणि "अजून वाढ, उपाशी मारतेस का" म्हणायची. डावीकडचा भात तसाच. केस उजवीकडचेच विंचरायची. डावीकडून कुणी बोललं तर ओ द्यायची नाही.

इस्पितळात व्यायाम घेणारी एक मुलगी होती. थोरलीनं तिचं नाव कवायतबाई ठेवलं होतं. तिनं धाकटीला बाजूला घेऊन समजावलं.

"काकूंचे डोळे चांगले आहेत. पण त्यांचा मेंदू डावी बाजू मोजतच नाही. डावीकडे काही दिसत नाही, असंही त्यांना वाटत नाही. त्यांच्या दृष्टीनं डावीकडे काही नसतंच."

"पण बरं होतं ना हे?"

"बऱ्याच जणांना फरक पडतो. पण मेहनत आत्ता करायची. पहिले सहा-आठ महिने हातचे घालवायचे नाहीत." तिनं पिशवीतून एक लाल फीत काढली. "त्या जे काही करतील त्याच्या डाव्या कडेला ही लावा. ताट, आरसा, कापड, काहीही. लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही, हे सारखं सांगत राहायचं. चिडतील. चिडू द्या."

थोरली चिडली. धाकटी कापडाच्या डाव्या कडेला फीत टाचायची आणि म्हणायची, "ताई, लाल कुठाय?" थोरली मान वळवायची, वळवायची, मध्यावर येऊन थांबायची. "नाहीये." "आहे, अजून पलीकडे." "नाहीये म्हणते ना!" कधीतरी एकदम फीत दिसायची आणि तिचा चेहरा पांढरा पडायचा. नसलेली भिंत समोर उभी राहावी तसा. मग त्या कोऱ्या भागात ती काडी टेकवायची, पण दोन रेघा झाल्या की हात आपोआप उजवीकडे सरकायचा. अर्ध्या तासात ती घामाघूम व्हायची. काडी फेकायची. एकदा गाळाची वाटी फेकली. एकदा नुसती रडली, आणि थोरलीला रडताना धाकटीनं नवरा गेला तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

तरी फरक पडत होता. दोन महिन्यांनी थोरली ताटातलं सगळं जेवायला लागली. एकदा बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यातली बादली तिनं आपण होऊन बघितली आणि म्हणाली, "ही इथं कधी आली?" धाकटीला त्या बादलीची पूजा करावीशी वाटली.

अर्धी राहिलेली कापडं धाकटी थोरली झोपली की पूर्ण करायची. उजवीकडचं मोजून डावीकडे उतरवायचं. पायरी कुठं मोडायची ते काही तिला कळायचं नाही, म्हणून ती कुठंच मोडायची नाही. हस्तकलेच्या दुकानात ती कापडं नेहमीसारखी उशांच्या अभ्र्यांसाठी गेली. कुणी काही बोललं नाही.

मग चष्मेवाली आली. ती एका मोठ्या कलादालनाची चालक होती, गळ्यात साखळीला चष्मा लटकलेला. तिला दुकानातून पत्ता मिळाला होता. ती आली तेव्हा थोरलीचा मुलगा घरात होता. लहानपणी धावत सुटायचा आणि वाटेतलं सगळं पाडायचा, म्हणून त्याला तुफान म्हणत. आता तो मालाची गाडी चालवायचा, अंगानं सुटला होता आणि उठायला दोन मिनिटं घ्यायचा, पण नाव तेच राहिलं होतं.

चष्मेवालीनं पूर्ण कापडं बघितली, मान डोलावली. मग तिची नजर बाल्कनीतल्या दोरीवर गेली. तिथं काल धुतलेलं अर्धं कापड वाळत होतं. ती उठून बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

"हे कुणी केलं?"

"ताईनं. पण ते अर्धं आहे," धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. थोरली आत झोपली होती. "तिची तब्येत बरी नाही. मी पूर्ण करून देते."

"नको. हात लावू नका त्याला." चष्मेवालीचा आवाज बदलला होता. "तुम्हाला कळतंय का हे काय आहे? इतकी वर्षं मी या कामाकडे बघतेय. सुंदर असतं, पण भिंतीवरच्या कागदासारखं. हे बघा. रेघ अशी येते, येते, आणि संपते. पुढं काहीच नाही. तुमचं जंगल गेलं, वस्ती गेली. सगळं यात आहे."

"यात तिची बंद पडलेली नस आहे," धाकटी म्हणाली.

चष्मेवालीनं तिच्या हातावर हात ठेवला. "मला वाईट वाटतं. खरंच. पण बघणाऱ्याला कारण माहीत असायची गरज नसते. अशी दहा-बारा करतील का त्या?"

ती गेल्यावर तुफान बराच वेळ टेबलाची कड चोळत बसला. "मावशी, आईचं नाव भिंतीवर लागेल. उशीवर नाही, भिंतीवर."

"आणि तिला काय सांगू? अर्धंच कर?"

"सांगायचं कशाला? ती करतेच आहे. तू फक्त…" त्यानं फितीकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

धाकटीनं त्या दिवशी फीत काढली नाही. चार दिवसांनी काढली. त्या सकाळी थोरली फितीवरून इतकी भडकली की खुर्चीतून पडता पडता वाचली. "मला माझं काम करू दे!" ती ओरडली. "चाळीस वर्षं केलंय, तू मला शिकवू नकोस!" धाकटीनं टाचणी उपसली, फीत गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली आणि मनाशी म्हणाली, आजच्या दिवस. थोरलीनं काडी उचलली. उजव्या कडेपासून सुरुवात केली आणि गुणगुणायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदा ती गुणगुणत होती. मध्यावर आली, समाधानानं श्वास सोडला आणि म्हणाली, "बघ. सोडलंस की होतं."

दुसऱ्या दिवशीही फीत ड्रॉवरमध्येच राहिली. मग कवायतबाईचा फोन आला, तेव्हा धाकटी म्हणाली, तुफानची गाडी मोकळी नाही, पुढच्या आठवड्यात येतो. पुढच्या आठवड्यात ताईला सर्दी होती. त्यानंतर फोन यायचे थांबले.

आपण काय करतोय हे धाकटीला कळत नव्हतं असं नाही. पूर्ण कळत होतं. दिवसभर ती स्वतःला सांगायची, ताई आनंदात आहे, रडत नाही, आणखी काय पाहिजे. अंघोळीच्या वेळी थोरलीचा डावा हात साबणानं धुताना मात्र ते कुठंतरी फाटायचं. थोरली आता त्या हाताकडे बघायचीसुद्धा नाही. ताटातला डावीकडचा भात पुन्हा तसाच राहायला लागला. धाकटी काही न बोलता ताट फिरवायची. थोरली म्हणायची, "आता कसं वाढलंस!"

तिनं पाच महिन्यांत अकरा कापडं केली. अकराही अर्धी. आणि उजव्या अर्ध्यात काम असं, की धाकटीनं उभ्या आयुष्यात तसं बघितलं नव्हतं. डावीकडे जायची सगळी ताकद जणू मध्यावर येऊन तुंबत होती. चष्मेवाली काही खोटं बोलली नव्हती. धाकटीला तेच सगळ्यात जास्त लागायचं.

प्रदर्शन एका दुपारी उघडलं. उंच पांढरी खोली, वरून येणारा उजेड, प्रत्येक कापड भिंतीपासून थोडं सुटं लटकवलेलं. थोरली चाकाच्या खुर्चीत, अंगावर नवे कपडे, केस धाकटीनं दोन्हीकडून विंचरलेले. लोक तिच्यापुढे वाकून बोलत होते. चष्मेवालीला धाकटीनं हात जोडून सांगितलं होतं, की कोऱ्या भागाचा उल्लेख ताईसमोर करू नका. तिनं भाषणात शब्द पाळला. "या कामातलं मौन," असं ती म्हणाली.

थोरली धाकटीकडे झुकून कुजबुजली, "कसलं मौन गं? मी तर जन्मभर बडबडच केली." आणि तोंडाच्या हलणाऱ्या अर्ध्यानं हसली. इतकी खूश धाकटीनं तिला कधी बघितलं नव्हतं. "भरलीय बघ भिंत," ती म्हणाली. "आपल्या आईनं बघायला हवं होतं."

गर्दी पांगली. तुफान गाडी दाराशी आणायला गेला. खोलीत दोघी बहिणी आणि फरशी पुसणारी एक चाळिशीची बाई उरली. ती पुसता पुसता एका कापडापुढे थांबली. मग मागं न बघता मोठ्यानं म्हणाली, "डावीकडचं कुणी खाल्लं?"

ती त्यांच्याच बोलीत बोलली होती. थोरलीनं झटकन मान वर केली.

"कुठली गं तू?"

"वरचीच की, मावशी. माझी आजी रंगवायची. मला नाही येत, पण बघितलंय." तिनं हात पुसले. "तुम्ही केलंत हे? हात काय हात आहे! मग पुरं का नाही केलं?"

"पुरं नाही म्हणजे?"

"ताई, चल, तुफान आला असेल," धाकटी म्हणाली आणि खुर्ची वळवायला लागली. थोरलीनं चांगला पाय फरशीवर रोवला. खुर्ची हलेना.

"थांब. तू इकडे ये," ती त्या बाईला म्हणाली. "माझा हात धर आणि त्या कापडावर ठेव. उजव्या कडेला. आता पायऱ्या मोज. मोठ्यानं."

बाईला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द म्हणून तिनं थोरलीचा उजवा हात धरला आणि बोटं कापडावर टेकवली. "एक. दोन. तीन…" थोरली चांगल्या पायानं खुर्ची भिंतीला लागून हळूहळू सरकवत होती. "बारा. तेरा. चौदा." बाई थांबली.

"पुढं मोज."

"पुढं काही नाही, मावशी."

"यात अठ्ठावीस असतात. चौदा इकडे, चौदा तिकडे. मोज."

"काय मोजू? नुसतं कापड आहे."

थोरलीचा हात कापडावर तसाच राहिला. "दुसऱ्यावर ने," ती म्हणाली. बाईनं नेलं. तिथं सोळा पायऱ्या आणि मग काही नाही. तिसऱ्यावर बारा आणि मग काही नाही. चौथ्या कापडाशी थोरलीनं हात काढून घेतला. धाकटी खोलीच्या मध्यावर उभी होती. फरशी पुसणाऱ्या बाईनं एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि आपली बादली उचलून ती निघून गेली.

तिसऱ्या मजल्यावर चढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. खुर्चीत बसल्यावर थोरलीनं विचारलं, "ती लाल फीत कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून?"

"पाच महिने झाले."

"मी आरडाओरडा करत होते म्हणून काढलीस?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि त्यात अर्धं खरंही होतं. "चष्मेवाली येऊन गेल्यावर काढली," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मी बरी झाले असते," थोरली म्हणाली, "तर तुमची पंचाईत झाली असती."

तुफान पुढं झाला. "आई, तसं नाही गं. तू आनंदात होतीस…"

"वेड्यालाही आनंदात ठेवता येतं. मी सगळ्यांसमोर बसून हसत होते. भरलीय बघ भिंत, म्हणाले. म्हणाले की नाही?" तिनं धाकटीकडे बघितलं. "तू तिथंच उभी होतीस. तुला दिसत होतं."

धाकटी म्हणाली, "चुकलं माझं, ताई."

दुसऱ्या दिवशी दोघी कवायतबाईकडे गेल्या. तिनं कागदावर रेघा मारायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं. थोरलीनं बाराही आकडे उजवीकडे कोंबले. कवायतबाईनं कागद बाजूला ठेवला. ती रागावली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"आता काहीच होणार नाही असं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सुरू करू. पण जो वेळ गेला तो…" मग तिनं वाक्य बदललं. "बघू या."

थोरलीनं मेहनत केली. आता ती चिडत नव्हती. फीत लावा, ती स्वतः सांगायची, आणि लाल शोधत तासन् तास मान ताणून बसायची. दीड महिना झाला. ताट पूर्ण संपेना, डावीकडची बादली पुन्हा काही दिसली नाही. तेव्हा तिनं एक मोठं कापड मागून घेतलं आणि मध्य ओलांडायचाच असं ठरवून बसली. तीन दिवस लागले. डावीकडे गेलेल्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, पायऱ्या कुठंही सुरू होऊन कुठंही संपत होत्या. लहान मूल भिंतीवर गिरगटतं तसं. तिला ते दिसत होतं की नाही, धाकटीला कळेना. पण काहीतरी दिसलं असावं, कारण तिनं ते कापड ओढून शेजारच्या बादलीत घातलं आणि एका हातानं खसाखसा घासायला लागली. गाळ निघाला. काळ्या रेघा तशाच होत्या.

"जातपण नाही मेलं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं काडीला हात लावला नाही.

चष्मेवाली दोनदा आली. दुसऱ्या खेपेला थोरली तिच्याशी बोलली. "पुरं करणारी आजारपणात गेली," ती म्हणाली. "अर्धं करणारी तुमच्या दालनात गेली. आता इथं कुणी नाही." चष्मेवालीचे डोळे भरून आले, ते खोटे नव्हते, पण जाताना जिन्यात ती धाकटीला म्हणाली, "तुम्हालाही येतं ना हे काम? तुम्ही प्रयत्न करून बघा."

धाकटीनं प्रयत्न केला. हे ती घरात कुणालाच कधी सांगणार नव्हती, पण तिनं केला. आतल्या खोलीत, दार लोटून, दोन दिवस. उजवीकडून सुरुवात केली आणि मध्यावर येऊन मुद्दाम थांबली. हात पुढं जायला बघत होता, तो तिनं दाबून धरला. मग ती ते दालनात घेऊन गेली. चष्मेवालीनं ते कापड उजेडात धरून बघितलं, घडी घातली आणि अगदी हळुवारपणे परत दिलं. "हे थांबवलेलं वाटतं," ती म्हणाली. पुढं ती आली नाही. कलादालनात दुसऱ्या कुणाचं काहीतरी लागलं.

धाकटी पुन्हा हस्तकलेच्या दुकानासाठी कामाला लागली. कडेपासून कडेपर्यंत, चौदा इकडे, चौदा तिकडे, कुठंही न अडखळता. उशांना तेवढं पुरतं.

मग एके सकाळी थोरलीनं तुफानकडून आपली खुर्ची हलवून घेतली. पूर्वी ती टेबलाच्या तोंडाशी असायची. आता ती भिंतीशी अशी लावली, की खिडकी उजव्या हाताला आली आणि टेबल, स्वयंपाकाचा कोपरा, धाकटीची बसायची जागा, सगळं डाव्या हाताला गेलं.

"उजेड हवाय तिला," तुफान म्हणाला. धाकटीलाही आधी तसंच वाटलं.

पहिले काही दिवस ती काही विचारायचं असलं की वळसा घालून थोरलीच्या उजवीकडे जाऊन उभी राहायची. थोरली तिच्याकडे बघायची, "हं" किंवा "नको" म्हणायची आणि मान आणखी उजवीकडे, खिडकीबाहेर वळवायची. हळूहळू धाकटीनं वळसा घालणं सोडलं. जेवण द्यायला जायचं, औषध द्यायला जायचं, तेवढंच. बाकी दिवसभर दोघी एकाच खोलीत असायच्या, पाच हातांच्या अंतरावर. एक रेघा ओढत असायची आणि दुसरी खिडकीबाहेर बघत.

एका दुपारी धाकटीनं काडी खाली ठेवली, मान मोकळी केली आणि बसल्या जागेवरून विचारलं, "ताई, चहा टाकू का?"

थोरली हलली नाही.

"ताई?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. थोरलीनं त्या आवाजाकडे किंचित मान केली. म्हणजे ती जागी होती, आणि कानही शाबूत होते. डावीकडून आलेला आवाज तिच्यापर्यंत पोचला नव्हता, की पोचला होता आणि तिनं तो तिथंच राहू दिला होता, हे कवायतबाईलासुद्धा सांगता आलं नसतं. थोरलीला विचारूनच ते कळलं असतं. धाकटीनं उठून दोन कप चहा टाकला आणि एक कप खिडकीच्या कट्ट्यावर, थोरलीच्या उजव्या हाताशी ठेवून ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली.